आरसा गेला, भिंग परतले

(थ्रेड) ऐरोलीच्या खाडीत ओहोटी लागली की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्ष्यांचे थवे त्यांवर उतरतात. त्यांना पाहायला निघालेल्या बोटीत अनेक कॅमेरे असतात. त्यांतील एखाद्या अगदी नव्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी कधी कधी पन्नास वर्षांपूर्वीची, धातूची, हाताने फिरवायची टेलिफोटो लेन्स दिसते. मधल्या काळात ही लेन्स निकामी ठरली होती. ती का ठरली आणि पुन्हा कामाला कशी आली, याचा हा इतिहास आहे.

प्रथम टेलिफोटो म्हणजे काय ते पाहू. कोणतीही लांब नाभीय अंतराची लेन्स टेलिफोटो नसते. पुढे बहिर्गोल भिंगांचा गट आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट ठेवला की ३०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स प्रत्यक्षात त्याहून आखूड नळीत बसवता येते. छायाचित्रणासाठी ही रचना १८९१ साली तिघांनी जवळजवळ एकाच वेळी मांडली: इंग्लंडमध्ये थॉमस डॅलमायर, जर्मनीत अडॉल्फ मीथे आणि म्युनिकचे श्टाइनहाइल. एकच कल्पना एकाच वर्षी तीन ठिकाणी सुचावी, हे विज्ञानाच्या इतिहासात वाटते तितके दुर्मीळ नाही.

दूरच्या पक्ष्याला ही लेन्स का लागते, याचा हिशेब सोपा आहे. छोटा रोहित सुमारे ९० सेंटिमीटर उंच असतो. तो ६० मीटरवर उभा असेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा पाऊण मिलिमीटर उंचीची पडते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने ती साडेचार मिलिमीटर होते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ही चौकटीच्या उंचीच्या पावपटीहून अधिक भरते. बोट आणखी पुढे रेटून थवा उडवण्यापेक्षा हे बरे.

आता मूळ प्रश्न. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला चालते की नाही, हे काचेच्या दर्जावर ठरत नाही. ते एका अंतरावर ठरते: कॅमेऱ्याच्या तोंडावरील धातूच्या कड्यापासून आतील फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर. प्रत्येक कंपनीने आपापले अंतर ठरवले होते आणि लेन्स त्या अंतरासाठीच घडवलेली असे. लेन्स सेन्सरपासून हवी त्याहून थोडी दूर बसली, तर जवळच्या वस्तू स्पष्ट दिसतात, पण क्षितिज कधीच स्पष्ट होत नाही. पक्ष्यांचे छायाचित्र घेणाऱ्याला अशी लेन्स निरुपयोगी.

एकभिंगी परावर्तक कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरपा आरसा असे. बटण दाबले की तो वर उचलला जाई. त्याला हलायला जागा लागत असल्याने हे अंतर ४० मिलिमीटरहून अधिकच ठेवावे लागे. १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्याने ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा माउंट आणला. त्याचे अंतर ४५.४६ मिलिमीटर. पुढे पूर्व जर्मनीचे प्राक्टिका, जपानचे पेंटॅक्स आणि सोव्हिएत झेनिट यांनी तोच माउंट स्वीकारला. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंच्या लेन्स एकाच आट्यांत फिरत होत्या! १९५९ च्या निकॉन एफचे अंतर ४६.५ होते, तर १९७१ च्या कॅननच्या एफडी माउंटचे ४२.

या दोन-चार मिलिमीटरच्या फरकात हजारो माणसांचा पैसा अडकला. १९८० च्या दशकात स्वयंचलित फोकस आला. कॅननने १९८७ साली ईओएस मालिका काढली, ४४ मिलिमीटर अंतराचा नवा ईएफ माउंट घेतला आणि एफडीशी नाते तोडले. एफडी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर नीट चालायची, तर ती दोन मिलिमीटर आत रुतायला हवी. ते शक्य नव्हते. मधे भिंग असलेला अ‍ॅडाप्टर लावण्याची वाट होती, पण तिने प्रतिमेची प्रत घसरे. लेन्सच्या काचेत काहीही बिघाड झाला नव्हता. तिच्यासाठी नवे कॅमेरे बनणे मात्र थांबत गेले.

व्यावसायिक छायाचित्रकारांचा त्या वेळचा संताप समजण्यासारखा आहे. तरी कॅननचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा म्हणता येत नाही. ईएफचे तोंड रुंद होते आणि लेन्सशी बोलणी सगळी विजेच्या संपर्कांतून होत. निकॉनने उलट मार्ग घेतला व जुना एफ माउंट टिकवला. त्यातही एक गंमत दडली होती. निकॉनचे अंतर सर्वांत मोठ्या अंतरांपैकी असल्याने तिच्या लेन्स इतर अनेक कॅमेऱ्यांवर बसत, पण निकॉनच्या कॅमेऱ्यावर परक्या लेन्स फारशा बसत नसत.

भारतात हा प्रश्न अधिक बोचरा होता. परवाना-राजच्या काळात आयातीवर निर्बंध होते, सीमाशुल्क जबर होते. चांगली टेलिफोटो लेन्स घेणे ही आयुष्यात एकदाच होणारी खरेदी असे. ती बहुधा परदेशी गेलेल्या नातेवाइकाच्या सामानातून येई किंवा मुंबईत फोर्टच्या बाजारात जुनी मिळे. त्यामुळे जुळवाजुळव ही येथे हौस नव्हती, गरज होती. मद्रासचे निसर्गलेखक एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांनी निरनिराळे भाग जोडून स्वतःचा कॅमेरा उभा केला होता आणि त्याच्या धिप्पाडपणाला साजेसे ‘सुपर पॉंडेरोसा’ असे नाव दिले होते. वन्यजीव छायाचित्रणाच्या भारतीय इतिहासात या नावाला मानाचे स्थान मिळायला हवे.

मग आरसाच गेला. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी-१ आला. त्यात आरशाऐवजी सेन्सरवरचे दृश्य थेट छोट्या पडद्यावर दिसे. आरसा नाही म्हटल्यावर मधल्या जागेचेही कारण उरले नाही. सोनीच्या २०१० च्या ई माउंटचे अंतर १८ मिलिमीटर. २०१८ मध्ये निकॉनच्या झेडचे १६ आणि कॅननच्या आरएफचे २०. आता हिशेब उलटा झाला. ४२ मधून १८ वजा केले की २४ उरतात. एफडी लेन्स सोनीवर बसवायला २४ मिलिमीटर लांबीची पोकळ धातूची नळी पुरते, आत भिंग नको. आट्यांच्या जुन्या लेन्ससाठी ती २७.४६ मिलिमीटरची. आरसा काढणाऱ्या अभियंत्यांना कॅमेरा लहान आणि हलका करायचा होता. जुन्या लेन्सचे पुनरुज्जीवन हे त्यांच्या कामाचे अनपेक्षित फलित होय.

वापरताना काय होते? कॅमेऱ्याला समोर लेन्स आहे हेच कळत नाही. म्हणून ‘लेन्सविना शटर’ ही सोय आधी चालू करावी लागते. अ‍ॅपर्चर लेन्सवरील कड्याने ठरते, शटरचा वेग कॅमेरा प्रकाश मोजून निवडतो. कॅमेऱ्यात कंपनरोधक सेन्सर असेल, तर ३०० हा आकडा स्वतः भरावा लागतो. जुनाच आकडा राहिला तर चित्र हमखास हलते. हलत्या बोटीत शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली नेऊ नये.

फोकस मात्र सर्वस्वी हाताचा. वीस मीटरवरील पक्ष्यासाठी एफ ४ ला स्पष्टतेची खोली पाऊण मीटरच्या आसपासच मिळते. पडद्यावर दृश्य मोठे करून पाहण्याची आणि स्पष्ट कडा रंगाने दाखवण्याची सोय जुन्या काचेच्या दृश्यशोधकात नव्हती. या एका बाबतीत आजचा माणूस १९७० च्या छायाचित्रकाराहून नशीबवान आहे. शिवाय रोहित पक्षी या लेन्सला साजेसा आहे. चोच उलटी करून, मान खाली घालून तो सावकाश चिखल चाळत राहतो. थवा उडाला की मात्र जुनी लेन्स हरते. तेव्हा एका अंतरावर फोकस बांधून पक्षी तेथे येण्याची वाट पाहणे, एवढेच हाती उरते.

काचेचे दोषही लपत नाहीत. कॅननने १९६९ मध्ये फ्लोराइट वापरलेली ३०० मिलिमीटरची लेन्स काढली होती, पण सामान्य लेन्समध्ये ती चैन नव्हती. चमकत्या पाण्यासमोर गुलाबी पंखांच्या कडेला जांभळी-हिरवी किनार उमटते. संगणकावर ती बरीचशी काढता येते. दमट हवेत भिंगांमध्ये जाळ्यासारखी वाढलेली बुरशी मात्र संगणकाने जात नाही. मुंबई परिसरात जुनी लेन्स घेणाऱ्याने ती विजेरीच्या प्रकाशात आरपार पाहूनच घ्यावी. नवी टेलिफोटो लाखांत जाते आणि ही काही हजारांत मिळते, हे खरे. पण बुरशी लागलेली लेन्स फुकटही महाग पडते.

कालक्रम लावून पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १९७० च्या दशकातील लेन्स घडली, तेव्हा सिडको नुकतीच स्थापन झाली होती. ऐरोलीचा खाडीपूल १९९९ चा. रोहित पक्षी या परिसरात मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकापासून. ठाणे खाडीला रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला २०१५ मध्ये आणि रामसर यादीत स्थान २०२२ मध्ये. म्हणजे आज या बोटीत जी सर्वांत जुनी वस्तू आहे, ती पुलाच्या, अभयारण्याच्या आणि बहुधा समोरच्या प्रत्येक पक्ष्याच्याही आधीची आहे.

अभिलेखाच्या दृष्टीने मात्र ती अदृश्यच राहते. डिजिटल छायाचित्रासोबत कॅमेरा तारीख, वेळ, शटरचा वेग हे सारे नोंदवतो. लेन्सच्या रकान्यात बहुधा काहीच नसते किंवा शून्य मिलिमीटर असे लिहिलेले असते. जाणकार छायाचित्रकार म्हणूनच चित्राखाली लेन्सचे नाव आणि नाभीय अंतर आपल्या हाताने टिपून ठेवतात.