राधाबाई, गोदूबाई, बाया : मुरुडच्या एका घरातील नावांचा माग

१८ एप्रिल १९५८ रोजी भारतीय टपाल खात्याने एक तिकीट काढले. त्यावरचा चेहरा तेव्हा हयात असलेल्या, त्याच दिवशी वयाची शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या माणसाचा होता : धोंडो केशव कर्वे. दापोली तालुक्यातील मुरुडच्या वाड्यांमधून निघालेला तो चेहरा देशभरच्या पाकिटांवर गेला. त्याच घरात कर्व्यांशी संसार केलेल्या पहिल्या पत्नीचा, राधाबाईंचा, चेहरा मात्र आमच्या कपाटातील कर्वेविषयक एकाही पुस्तकात भेटत नाही. जुनी छायाचित्रे आणि दप्तरे यांच्या आधारे एखाद्या आप्ताचे आयुष्य जुळवू पाहणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो इथेच. ज्यांचा फोटो निघतो आणि ज्यांची नोंद होते, ती बहुतेक वेळा घरातली वेगळी माणसे नसतात.

कागदावरचे वय आणि चेहऱ्यावरचे वय यांचा तंटा खुद्द अण्णांच्या (कर्व्यांना सारे अण्णाच म्हणत) आयुष्यात फार लवकर आला. १८७५ साली सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी ते मुरुडहून सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. सुमारे ११० मैलांची ती वाट त्यांनी चार दिवसांत तोडली. सतरा वर्षे पूर्ण झालेली होती. पण देहयष्टी इतकी किरकोळ की परीक्षा घेणाऱ्या समितीने सतराचे दिसत नाही म्हणून त्यांना परत पाठवले. हा प्रसंग सहसा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आम्हांला त्यात दुसरेही काही दिसते : नोंद खरी आणि चेहरा खोटा ठरू शकतो, किंवा याच्या उलट. जुन्या फोटोतील कोणाही व्यक्तीचे वय नुसत्या चेहऱ्यावरून ठरवताना ही साताऱ्याची समिती आठवावी.

राधाबाईंकडे वळावे तर हाती येणाऱ्या गोष्टी मूठभर आहेत. लहान वयात लग्न. १४ जानेवारी १८८२ रोजी मुरुडला मुलगा रघुनाथ याचा जन्म. पुढे मुंबईतील ओढगस्तीचा संसार, कारण पती शिकत आणि शिकवीत होते. ऑगस्ट १८९१ मध्ये मृत्यू. तिशीही गाठलेली नव्हती. याच्या जवळजवळ लागूनच, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, अण्णा पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले, आणि चरित्रकार ज्याला ‘कार्य’ म्हणतात त्याची पायाभरणी तिथून होते. म्हणजे राधाबाई कार्याच्या उंबरठ्याच्या अलीकडे थांबल्या. ‘आत्मवृत्ता’त (१९१५) त्या आहेत, पण पतीच्या आठवणीत आहेत, स्वतःचे अक्षर नाही. मुलाच्या सहीत तरी शोधावे तर ती ‘रघुनाथ धोंडो कर्वे’ अशी. ज्या माणसाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून स्त्रीच्या देहावर स्त्रीचाच हक्क मांडला, त्याच्या नावातही आई कुठे नाही. दोष त्यांचा नव्हे, रूढीचा. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिणे आता बंधनकारक झाले आहे. रघुनाथरावांच्या जन्मानंतर १४२ वर्षांनी.

दुसऱ्या पत्नीचा माग वेगळ्या कारणाने अवघड, आणि म्हणून अधिक रंजक. देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई बालपणी नातूंकडे दिली गेली आणि काही महिन्यांतच विधवा झाली. थोरले बंधू नरहरपंत हे कर्व्यांचे स्नेही. ते तिला मुंबईस घेऊन आले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन उघडले तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. ११ मार्च १८९३ रोजी तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. घरात आणि पुढे आश्रमात मात्र ‘बाया’. आता एखाद्या वाचकाने जोशी हे आडनाव धरून शोध घेतला तर ती बालपणीच हरवते. नातू धरून घेतला तर एका विधवेशी येऊन थांबते. कर्वे धरून घेतला तर जणू सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षीच जन्म घेते. चार नावे, एक बाई. आणखी एक गंमत अशी की हिंगण्याच्या आश्रमाच्या इतिहासात शेजारी-शेजारी वावरणाऱ्या पार्वतीबाई आठवले ह्या तिच्या सख्ख्या धाकट्या बहीण. दोघींची आडनावे पाहून हे नाते कोणालाही उमगणार नाही. कुलवृत्तांत नावाचा जो ग्रंथप्रकार आपल्याकडे रुजला, त्याची रचनाच पुरुषांच्या वेलीवर बेतलेली. मुली ‘अमक्यास दिली’ या दोन शब्दांत वेलीबाहेर जातात. कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही म्हणूनच सुचवतो की आजीचा शोध आजोबांच्या घरी सुरू करू नये. तिच्या भावांकडे, बहिणींकडे आधी जावे.

गावाने केलेली नोंद तिसरीच. पुनर्विवाहानंतर हे जोडपे मुरुडास गेले तेव्हा ग्रामस्थांनी सभा भरवून ठराव केले : कर्व्यांच्या सोबत बैठकीला बसू नये आणि ते आईच्या घरी उतरले तर तिच्यावरही बहिष्कार घालावा. एरवी स्त्रियांची दखल न घेणारा समाज बहिष्काराच्या वेळी मात्र दखल घेण्यात तत्पर असतो. अशा ठरावांकडे आपण अन्यायाचा पुरावा म्हणून पाहतो, ते योग्यच. पण कोण कुठे होते, कोणाच्या घरी उतरू शकत नव्हते, हेही त्यातूनच कळते.

बायांनी मात्र हा सारा व्यवहार दुसऱ्यांवर सोडला नाही. ‘माझे पुराण’ १९४४ साली सून कावेरीबाई कर्वे यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. ‘आत्मवृत्ता’चा स्वर संयमित, हिशेबी, एखाद्या गणित-अध्यापकाचाच. बायांचा बोलका, कधी फणकारणारा. पती संस्थेसाठी घर रिकामे करीत असताना चूल कशी पेटत होती, हे पतीच्या पुस्तकातून जेवढे कळते त्याहून कितीतरी अधिक इथे कळते. पुढे मुलगा दिनकर धोंडो कर्वे यांनी ‘द न्यू ब्राह्मन्स’ (१९६३) या इंग्रजी संकलनात आई-वडील दोघांच्याही कथनांना स्थान दिले, आणि सून इरावतीबाईंनी सासऱ्यांविषयी लिहिले ते भक्तिभाव बाजूला ठेवून. एका घरातील इतक्या माणसांनी एकमेकांविषयी लिहून ठेवावे, असे महाराष्ट्रात क्वचितच घडले असेल.

या पुस्तकांच्या आधाराने मग फोटोंकडे परत यावे. शुभ्र दाढीचे, कृश, शांत अण्णा आपल्या ओळखीचे आहेत. ते बहुतेक उतारवयातले. त्यांच्याकडे पाहताना साताऱ्याहून परतलेला मुलगा दिसत नाही, १८९३ मधला वाळीत टाकलेला पस्तिशीतला विधुर वर तर मुळीच दिसत नाही. चित्र माणसाला एका वयात गोठवते आणि कुटुंब त्याच वयात त्याला भिंतीवर टांगते. राधाबाईंना तेवढीही भिंत मिळाली नाही. त्यांच्यासाठी आपल्याजवळ आहेत त्या दोन तारखा : जानेवारी १८८२, ऑगस्ट १८९१. दोहोंमध्ये साडेनऊ वर्षे आणि एक मुलगा.

ज्यांना आपल्या घरातील कोकणी आप्तांचा असा शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या कागदावर नुसते ‘मुरुड’ आढळले तर तालुका पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जंजिऱ्याजवळचे मुरुड रायगड जिल्ह्यात आहे, आणखी एक लातूर जिल्ह्यात. कर्व्यांचे मुरुड दापोली तालुक्यातले, दुर्गादेवीच्या देवळाचे. आणि अण्णांचा जन्म तर त्याही मुरुडचा नव्हे. तो आजोळी, शेरवलीला झाला. इथेही आईच्या गावाचे नाव मागे पडले आहे.