पेटीत मावलेली नोकरमंडळी

अमेरिकेत कुणी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, पहिल्यांदा विकत घेतलं की जुनेजाणते लगेच खरेदीची यादी सांगू लागतात. पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी, नळाचा जोर कमी करणारा पितळी रेग्युलेटर, मैलापाण्याची तीन इंची नळी, टाकीत घालायचं रसायन, हातमोजे, चाकांना लावायच्या पाचरी, गाडी समतल करायचे ठोकळे. नवख्याला ही सगळी दुकानदारांनी काढलेली थेरं वाटतात. पण यातली बरीचशी कामं घोड्यांच्या काळापासूनची आहेत. तेव्हा ती माणसं करत, एवढंच.

गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वॉन्डरर’ नावाची राहती गाडी खास हौसेखातर बांधून घेतली आणि 1885 साली इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत नेली. सुमारे 18 फूट लांब, महोगनीचं काम, आत पुस्तकं, वाद्य, पोपट आणि भलामोठा कुत्रा. ओढायला दोन घोडे. हाकायला गाडीवान. शिवाय फोली नावाचा खासगी नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. जमीन कशी आहे, पाणी कुठे आहे, याची काळजी पगारी माणसांवर सोपवून डॉक्टरसाहेब लिहायला मोकळे. या प्रवासाचं पुस्तक पुढच्याच वर्षी निघालं.

चाकाच्या पाचरीचं मूळ अशा घोडागाड्यांतच आहे. चढावर मागच्या चाकामागे एक लाकडी रूळ लोळत यायचा. घोडे दमून थांबले की चाक त्यावर टेकायचं. आपल्या घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावतो, तेच हे.

मोटार आल्यावरही नोकर लगेच गेले नाहीत. 1910 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने मांडलेल्या गाडीत मागच्या आसनाचा पलंग होई, घडीचं बेसिन होतं, शौचाचं भांडंही होतं. आणि ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन! ते भांडं रिकामं कोण करणार, हा प्रश्न त्या गाडीच्या गिऱ्हाइकाला पडत नसणार.

तो पडला पुढच्या पिढीला. 1919 साली फ्लॉरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना निघाली. स्वतःची गाडी स्वतः हाकणारी, तंबू ठोकून डब्यातलं अन्न खाणारी साधी माणसं. ओळख पटावी म्हणून रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा डाग देऊन बसवायची. यांच्या पदरी फोली नव्हता. सुरुवातीच्या यादीतलं सामान भरलेल्या आरव्हीच्या पेटीची खरी गरज इथे सुरू झाली, असं मला वाटतं.

शौचाचा प्रश्न ब्रिटनमध्ये एफ्रेम लुईस जॅक्सन यांनी हाती घेतला. 1924 साली त्यांनी ‘एल्सन’ हा रासायनिक संडास बाजारात आणला. मोरी नको, पाण्याची जोडणी नको. रसायन घातलेली झाकणाची बादली. दुसऱ्या महायुद्धात हीच बादली बॉम्बफेकी विमानांत गेली आणि वैमानिकांच्या शिव्यांची धनी झाली. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅन तळांवर मैला ओतायच्या जागेला अजूनही ‘एल्सन पॉइंट’ म्हणतात. अमेरिकेत बादलीऐवजी गाडीच्या पोटात टाकी आणि टाकीला नळी आली. हातमोजे मात्र दोन्हीकडे लागतात.

ठोकळ्यांची कथा सगळ्यात मजेची. गाडी कललेली असली तर झोप लागत नाही, हे आहेच. पण खरा धाक फ्रिजचा. 1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा, एकही हलता भाग नसलेला फ्रिज शोधला. तीनच वर्षांत इलेक्ट्रोलक्सने तो उचलला. वीज नसलेल्या रानात गॅसवर बर्फ! मग गाडीवाल्यांना तो का आवडणार नाही? पण त्याच्या नळ्यांतलं अमोनियाचं द्रावण उतारानेच परत फिरतं. गाडी कलती ठेवून फ्रिज बराच वेळ चालवला की द्रावण तापत्या जागी अडतं, गंज रोखायला घातलेल्या क्षाराचे खडे धरतात, नळी तुंबते आणि फ्रिज कायमचा जातो. म्हणून आधी पाणसळ, मग ठोकळे. ओढगाडी असेल तर डावी-उजवी बाजू आधी जुळवायची, चाकांना पाचरी ठोकायच्या आणि मगच ती मोटारीपासून सोडवायची. हा क्रम चुकला तर गाडी आपल्या मनाने निघते. अलीकडे बऱ्याच नव्या गाड्यांत कॉम्प्रेसरचे फ्रिज बसतात, त्यांचा हा हट्ट नाही.

राहिलेल्या वस्तूंना अशी वंशावळ नाही. रेग्युलेटर हवा, कारण तळावरचा नळ फार जोराचा असला तर गाडीतले नाजूक सांधे फुटतात. पिण्याची नळी वेगळी हवी, कारण बागेच्या साध्या नळीतून पाण्याला रबराचा वास येतो.

एक काम तेवढं अजून पेटीत मावलेलं नाही: गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणाऱ्याचं. त्यासाठी कॅमेरे निघाले, वॉकीटॉकी निघाले. तरी संध्याकाळी कुठल्याही तळावर नवरा-बायकोची पहिली खडाजंगी ऐकू येते ती याच कामावरून.