वेठीपासून अनुदानापर्यंत : महाड-पोलादपूर परिसरातील साहाय्ययोजनांचा ऐतिहासिक आढावा

१

महाडहून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या मार्गावरील नाते हे गाव चिंतामणराव देशमुख यांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. १४ जानेवारी १८९६ रोजी येथे जन्मलेले देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३-४९) आणि केंद्रीय अर्थमंत्री (१९५०-५६) झाले. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशातील ५५ प्रकल्पक्षेत्रांत समूहविकास कार्यक्रमाचा आरंभ झाला. राष्ट्राच्या नियोजनात अग्रभागी असलेल्या या पुरुषाच्या जन्मभूमीतील अल्पभूधारक शेतकरी, कूळ आणि मासेमार यांना राज्यसंस्थेने वेळोवेळी कोणत्या अटींवर साहाय्य देऊ केले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

साहाय्याच्या रकमेपेक्षा साहाय्याची अट हे इतिहासाचे अधिक बोलके साधन होय. प्रत्येक योजना याचकास एक प्रश्न विचारते. कोणी विचारते, 'तू काम करण्यास सिद्ध आहेस काय?' कोणी विचारते, 'तुझ्या नावे जमीन आहे काय?' या दोन प्रश्नांमधील अंतर सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन तालुक्यांत विशेष स्पष्टपणे दिसून येते.

२

हा प्रदेश अतिवृष्टीचा आहे. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यांत भाताची खाचरे, डोंगरउतारावर नाचणी व वरी पिकणारी वरकस जमीन, आणि महाडच्या खाली भरतीचे पाणी पोहोचणारी खाडी, अशी त्याची रचना आहे. पावसाळ्याचे चार महिने हाताला क्षणाची उसंत नसते. कापणी-मळणी आटोपली की उरलेला काळ बव्हंशी रिकामा जातो. येथील दारिद्र्य अवर्षणातून आलेले नाही. ते तोकड्या जमिनीतून, एकाच पिकातून आणि जमिनीवरील हक्काच्या अनिश्चिततेतून आलेले आहे.

या अनिश्चिततेचे मूळ खोती पद्धतीत आहे. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा असलेला खोत सारा वसूल करी, आणि कुळाकडून धान्यरूपी खंडाबरोबरच वेठही घेई. गावाच्या अंगवळणी पडलेली इर्जिक किंवा सावड हे परस्परसाहाय्याचे श्रम होते. वेठ ही सक्ती होती. या परिसरातील सामूहिक श्रमाच्या इतिहासात हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले आहेत, ही गोष्ट पुढील योजनांचा विचार करताना ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

खोतीविरुद्धचा लढा कुलाबा जिल्ह्यात तीव्र झाला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे कुळांचा संप चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. दहा वर्षांपूर्वी चवदार तळ्याचा सत्याग्रह पाहिलेल्या महाडला पाण्याचा हक्क आणि जमिनीचा हक्क यांतील संबंध निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने खोती कायद्याने संपली. १९४८ च्या कूळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. तथापि ज्याचे नाव दप्तरात चढले नाही, त्याच्यापर्यंत हा न्याय पोहोचला नाही.

३

श्रमाच्या अटीवर साहाय्य देण्याची परंपरा दुष्काळी कामांतून आली. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे वेतन रोजी एक पौंड धान्य व एक आणा इतके खाली आणले. त्याविरुद्ध पुणे सार्वजनिक सभेने आवाज उठविला. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांतील मूळ कल्पना अशी की, ज्याला खरोखर गरज आहे तोच कमी मजुरीवर खडी फोडण्यास येईल. अर्थात काम ही गरजेची कसोटी होती, हक्क नव्हे.

ही कसोटी हक्कात परिवर्तित करण्याचे श्रेय महाराष्ट्राकडे जाते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना आकारास आली. ती १९७२ मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास आलेल्या भीषण दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लक्षांच्या घरात पोहोचली. योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे नगरातील पगारदाराने खेड्यातील मजुरास दिलेली ही वर्गणीच होती. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणीनंतर १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, आणि स्त्रीपुरुषांस कामाच्या मापाप्रमाणे समान मजुरी ही त्याची प्रमुख अंगे होत.

या योजनेने जमिनीचा दाखला मागितला नाही. खोतीच्या प्रदेशात या गोष्टीचे महत्त्व असाधारण होते. भूमिहीन, बिननोंदीचे कूळ, कातकरी आणि पावसाळ्यात जाळे गुंडाळून बसलेला मासेमार या सर्वांना हे दार सारखेच उघडे होते. असे असूनही कोकणात या कामांवरील उपस्थिती मराठवाड्याच्या मानाने अल्प राहिली. पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे ही कामे मुख्यतः अवर्षणग्रस्त पठाराच्या गरजेतून योजलेली होती. कोकणी कुटुंबाचा खरा आधार निराळाच होता, तो म्हणजे गिरणीत काम करणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणीसंपाने हा आधार खिळखिळा झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात गुंतले होते, आणि अनेकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. या पार्श्वभूमीवर १९९० मध्ये रोजगार हमीशी फळबागलागवडीची सांगड घालण्यात आली. आपल्याच वरकस जमिनीत आंबा-काजूचे खड्डे खणावेत, झाडे जगवावीत, आणि त्याबद्दल तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने अनुदान मिळवावे, अशी ही रचना होती. कोकणच्या डोंगरउताराला मानवणारी श्रमयोजना प्रथमच निर्माण झाली. परंतु याच टप्प्यावर जमिनीचा दाखला मागच्या दाराने आत आला, कारण झाड लावण्यास जमीन स्वतःची हवी.

४

२००५ च्या केंद्रीय कायद्याने महाराष्ट्राचे तत्त्व राष्ट्रव्यापी केले आणि ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांची हमी असून पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद आहे. ज्याला स्वतःची शेती नाही आणि दुसऱ्याच्या शेतावर रोजगार मिळण्याची खात्रीही नाही, त्याच्या दृष्टीने ही तरतूद तपासून पाहण्यासारखी आहे.

दरम्यान साहाय्याचा दुसरा प्रकार पुढे आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये घोषित झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीने शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये थेट बँकखात्यात देण्यास आरंभ केला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यात तितक्याच रकमेची भर घातली. येथे श्रमाची अट नाही, ही मोठीच प्रगती होय. तथापि १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे ही पात्रतेची कसोटी ठरली. ज्या परिसरात एका सातबाऱ्यावर अनेक भाऊबंदांची नावे आढळतात, त्यांतील कित्येक मुंबईत राहतात, आणि प्रत्यक्ष नांगरणी-लावणी गावी राहिलेली स्त्री किंवा बिननोंदीचा वाटेकरी करतो, तेथे 'शेतकरी' आणि 'खातेदार' हे शब्द समानार्थी नाहीत.

मासेमारांच्या बाबतीत सातबाऱ्याची जागा सभासदत्वाने घेतली. २०२० च्या पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांसाठी शासनाचे ३,००० आणि मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० मिळून ४,५०० रुपये अशी उपजीविका-साहाय्याची व्यवस्था होती. त्यासाठी मच्छीमार संस्थेचे सभासद असणे आवश्यक होते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. मात्र ओढ्यात मासे-खेकडे धरणारा, पावसाळ्यात भातलावणीची मजुरी करणारा आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा कोळसाभट्टीवर जाणारा कातकरी कोणत्याही एका व्याख्येत मावत नाही. दप्तराच्या दृष्टीने तो शेतकरीही नव्हे आणि मच्छीमारही नव्हे.

५

वरील आढाव्यावरून असे म्हणता येईल की, या परिसरात साहाय्याची रचना वेठीकडून मजुरीकडे, मजुरीकडून हक्काकडे आणि हक्काकडून अनुदानाकडे सरकत गेली. प्रत्येक पायरीवर श्रमाची सक्ती सैल झाली, आणि त्याच वेळी कागदाची सक्ती आवळत गेली. १९५७ मध्ये समूहविकासाची तपासणी करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीस हा कार्यक्रम लोकांचा पुढाकार जागवू शकला नाही असे आढळले होते. त्यामागील अनेक कारणांत, गावातील सर्वात गरजू मनुष्य योजनेच्या यादीत बसत नाही, या कारणासही स्थान दिले पाहिजे.

खोतीनिर्मूलनाचा कायदा होऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही साहाय्य कोणास मिळावे याचा निर्णय अद्याप बव्हंशी त्याच भूमिदप्तरावर अवलंबून आहे. फेरफारनोंदी, रोजगार हमीच्या हजेरीपटांच्या नोंदी आणि सन्मान निधीच्या लाभार्थ्यांच्या याद्या एका गावापुरत्या जरी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तरी कोणाचे नाव कोणत्या काळी गळाले हे उघड होईल. हे काम नाते आणि त्याच्या आसपासच्या गावांपासून सुरू होणे उचित ठरेल.