माजिवड्यातील घरविक्री : मध्यस्थाचे बदलते स्वरूप

मुंबई-आग्रा महामार्ग व घोडबंदर रस्ता जेथे मिळतात, ते माजिवडा मूळचे गाव. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन झाली. पुढील काळात येथे गृहसंकुले उभी राहिली व घरविक्रीत स्थानिक दलालाचे महत्त्व वाढले. २००५-०६ मध्ये ‘नाइन्टीनाइन एकर्स’ व ‘मॅजिकब्रिक्स’ या संकेतस्थळांनी विक्रेत्यास दुसरा मार्ग खुला केला. संकेतस्थळावर ग्राहक मिळतो. मात्र भागपत्राचे हस्तांतरण, कर्जाचा बोजा व दस्तनोंदणी यांचा पाठपुरावा प्रत्यक्षच करावा लागतो. दलालाच्या दलालीचे प्रयोजन येथेच आहे. स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम ९ नुसार मे २०१७ पासून दलालांना महारेराकडे नोंदणी सक्तीची झाली. तथापि हे बंधन नोंदणीकृत प्रकल्पांपुरते असल्याने जुन्या इमारतींतील घरांची पुनर्विक्री त्याबाहेर राहते. सारांश, मध्यस्थ कोणताही निवडला तरी दलालीचा लेखी करार व कागदपत्रांची पडताळणी हेच विक्रेत्याचे खरे संरक्षण ठरते.