डोलकाठीला मागून धरणारी तार

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. माझ्या बीटेकच्या बॅचमधला एक मित्र अमेरिकेत असतो. त्याने तिघांबरोबर कॉन्ट्री काढून १९७०च्या दशकातली एक ३० फुटी शिडाची बोट घेतली. त्याचा प्रश्न एवढाच: "भावा, रेसिंग बोटीवरून काढलेला हायड्रॉलिक बॅकस्टे ॲडजस्टर स्वस्तात मिळतोय. उचलू का?"

आधी शब्द समजून घेऊ. मास्ट म्हणजे डोलकाठी. तिला पुढून, नाळेकडून धरणारी तार म्हणजे फोरस्टे आणि मागून धरणारी बॅकस्टे. ही मागची तार बोट चालू असताना कमी-जास्त ताणता यावी म्हणून जे यंत्र लावतात, ते ॲडजस्टर.

मी त्याला म्हटलं, किंमत नंतर बघू, आधी तुझ्या बोटीचा काळ बघू.

कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कायमची बॅकस्टे बहुतेक शिडाच्या यॉटवर नव्हतीच. शिडाच्या खालची आडवी काठी, म्हणजे बूम, बोटीच्या मागे बाहेर जायची. १९०३ सालची 'रिलायन्स' ही अमेरिकाज कपची बोट घ्या. तिचा सांगाडा सुमारे ४४ मीटर, पण पुढच्या बोस्प्रिटच्या टोकापासून बूमच्या टोकापर्यंत मोजलं तर ६१ मीटर! मधे स्थिर तार असती तर बूम तिच्यावर आपटलाच असता. म्हणून दोन्ही बाजूंना सुटणारे रनिंग बॅकस्टे असत. वळताना एक सोडायचा, दुसरा ताणायचा. (कोकणातल्या जुन्या गलबतांवरही मास्टचे दोर असेच वाऱ्याच्या बाजूला हलवावे लागत. तिथे अडचण शिडाच्या लांब तिरक्या काठीची होती.) पुढे १९२०च्या दशकात त्रिकोणी बर्म्युडा शीड पसरलं, बूम आखूड झाले आणि मागे एक कायमची तार लावता आली.

मग आलं फायबरग्लास. १९५९ मध्ये पिअर्सन कंपनीची 'ट्रायटन' आली आणि अशा बोटींचं मोठं उत्पादन सुरू झालं. १९७० च्या सुमारास शर्यतींना आयओआर नावाचा नियम लागू झाला. त्याच्या गणितात पुढचं शीड मोठं आणि मागचं लहान ठेवणं फायद्याचं होतं. त्यामुळे त्या काळातल्या असंख्य बोटी 'मास्टहेड' झाल्या, म्हणजे फोरस्टे थेट काठीच्या टोकाला. मित्राची बोटही तसलीच.

इथेच खरी मेख आहे. पुढची आणि मागची तार एकाच टोकाला बांधलेली असेल, तर मागून ओढल्यावर जाडजूड काठी फारशी वाकत नाही. फोरस्टेचा झोल मात्र कमी होतो. तेवढ्याने मोठं शीड चपटं होतं आणि बोट वाऱ्याकडे जास्त तोंड करून जाऊ शकते. १९७७ च्या 'जे/२४' सारख्या बोटींवर फोरस्टे टोकाच्या खाली असते. तिथे टोक मागे ओढलं की काठीचा मधला भाग पुढे येतो आणि मागचं शीडही सपाट होतं. अशा बोटीवर ॲडजस्टर सतत हातात लागतो.

आता हायड्रॉलिक. पंप मारताना आपण किती ओढतोय ते हाताला कळत नाही, गेज बघावं लागतं. दोन्ही तारा बोटीची टोकं वर खेचतात, काठी मध्यभागी खाली दाबते. बोटीचं धनुष्य होतं! आणि एकदा सांगाडाच वाकायला लागला की पुढचा प्रत्येक पंप फोरस्टे सरळ करण्यात नाही, बोट वाकवण्यात जातो. केबिनचं दार अडकायला लागलं तर समजायचं, फार झालं.

६ मिलिमीटरची स्टीलची तार साधारण ३ टनांवर तुटते. चालवताना त्याच्या पाव भागापर्यंत, म्हणजे ७००-७५० किलोपर्यंत ताण पुरतो. कप्प्यांच्या १६ पट टॅकलने २० किलोची ओढ ३२० किलो होते, त्यातूनही घर्षण वजा. बॅकस्टे खाली दोन तारांत विभागलेली असेल तर त्या दोन तारा जवळ आवळणारी चाकंही मिळतात, पण ती लहान बोटींना ठीक. ३० फुटी मास्टहेडला मला सगळ्यात पटतो तो हँडलवाला टर्नबकल. हळू चालतो, पण दिवसातून दोन-तीनदाच तर फिरवायचाय. काहीही घेतलं तरी शेजारून एक सुरक्षेची जोडतार हवीच. मास्टहेड बोटीत काठीचं टोक पुढे जाण्यापासून धरणारी मुख्य तार हीच. ॲडजस्टर तुटला तर काठीच जाऊ शकते.

मी त्याला म्हटलं, खरेदीआधी केबिनमधला काठीखालचा खांब तळाशी जिथे टेकतो तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ.

दोन दिवसांनी फोटो आला. लाकडात टोक अर्धा इंच आत गेलेलं. हायड्रॉलिक दुसऱ्या कोणी तरी नेला. हे चौघं सध्या तो ठोकळा बदलतायत.