यशवंत कुणाचा?

मलकापुरात आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब संपला की घरच्या गोष्टी निघतात. आमच्यात कुणी दिराची मुलं सांभाळतं, कुणी गेलेल्या बहिणीची. ही लेकरं एकच गोष्ट दहादा विचारतात, "मावशी, मी इथंच राहणार ना?" बाई दमलेली असते. "किती वेळा सांगू?" म्हणते. याच प्रश्नाला आपल्या सातारा जिल्ह्याच्या एका लेकीनं कसं उत्तर दिलं, ते आज सांगतो.

खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले. 1863 साली जोतीराव आणि त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हा हेतू. 1874 साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल या दोघांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत.

घरात तो लाडका होता, पण बाहेर लोक त्याचा जन्म काढायचे. म्हणून फुल्यांनी नुसत्या मायेवर भागवलं नाही. 1887 साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंतला वारस नेमलं. त्याला मुलगी कोण देणार, हा पेच होता. हडपसरचे सत्यशोधक ग्यानोबा ससाणे यांनी आपली राधा दिली. दोघांना एकमेकांचा स्वभाव कळावा म्हणून सावित्रीबाईंनी तिला लग्नाआधीच घरी आणलं. 1889 च्या फेब्रुवारीत लग्न लागलं.

खरी कसोटी नोव्हेंबर 1890 मध्ये आली. जोतीराव वारले. अंत्ययात्रेत टिटवं धरणारा वारस ठरतो, म्हणून भाऊबंदांनी यशवंतला अडवलं. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या. टिटवं त्यांनी स्वतः धरलं, अग्नीही दिला. यशवंतला डावलणाऱ्यांच्या हाती ते जाऊ दिलं नाही.

पुढं यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात आईच्या हाकेला येऊन त्यानं रोग्यांवर उपचार केले. त्याच सेवेत सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या.

मैत्रिणींनो, "तू आमचाच" हे वाक्य त्या घरानं तीन ठिकाणी सांगितलं: घरात, कागदावर आणि चारचौघांत. आपलं लेकरू पुन्हा पुन्हा विचारतं, कारण एकदा त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. ते हट्ट करत नसतं, चाचपून बघत असतं. दहाव्यांदाही तेच उत्तर, त्याच सुरात द्यावं. रागावलो तरी "पाठवून देईन" हे शब्द तोंडात आणू नयेत. रेशन कार्डात त्याचं नाव घालावं, शाळेच्या पालकसभेला आपण जावं, पाहुण्यांसमोर "हा आमचा" म्हणावं.

अशा मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून तिला सावित्रीबाईंचंच नाव आहे आणि मुलामागं महिना 2250 रुपये ठरले आहेत. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. कागद जमवायला आम्ही आहोतच.