शाळा सोडल्यावर पुढे काय? म्युनिकचा एक प्रयोग

१९०० साली जर्मनीतील एरफुर्ट येथील अकादमीने एक निबंधस्पर्धा जाहीर केली. विषय होता : प्राथमिक शाळा सोडल्यापासून सैन्यात भरती होईपर्यंतच्या काळात मुलग्यांना नागरिक म्हणून कसे घडवावे? तेव्हा बहुतेक मुले चौदाव्या वर्षी शाळा सोडत. सैन्यभरती विसाव्या वर्षी होई. मधली सहा वर्षे मुलगा एखाद्या कारागिराकडे उमेदवारी करी, नाहीतर मिळेल ते काम करी. शाळेचा हात सुटलेला आणि धंद्यात पाय अजून रोवलेला नाही, अशी ही अवस्था.

बक्षीस मिळाले गेऑर्ग केर्शेनश्टायनर (१८५४–१९३२) यांना. ते गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक होते आणि १८९५ पासून म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख.

शाळा सोडलेल्या मुलांसाठी तिथे पूरक वर्ग होतेच. ते रविवारी किंवा संध्याकाळी भरत. दिवसभर राबून थकलेल्या मुलाला तिथे पुन्हा तेच वाचन, लेखन आणि अंकगणित शिकवले जाई. साहजिकच मुले कंटाळत. केर्शेनश्टायनर यांनी या वर्गांचा पायाच बदलला. १९०० पासून त्यांनी धंद्यानुसार वर्ग सुरू केले. पहिल्या वर्गांमध्ये खाटीक, पाव भाजणारे, जोडे शिवणारे, केशकर्तन करणारे आणि धुराडी साफ करणारे यांचे वर्ग होते. गणित आले ते धंद्याच्या हिशेबातून, चित्रकला आली ती कामाच्या आराखड्यातून, विज्ञान आले ते हाताखालच्या मालातून. वर्गाला जोडून कार्यशाळा असे. वर्ग दिवसा, कामाच्या वेळेतले तास काढून भरवले गेले.

यामागचा विचार त्यांनी एका साध्या उदाहरणातून मांडला. विद्यार्थ्याने स्टार्लिंग पक्ष्यासाठी (हा आपल्या साळुंकीचा भाऊबंद) लाकडी घरटे करायचे. फळीतून तुकडे कसे कापले तर कमी वाया जाईल? हे आधी कागदावर ठरवायचे, मग करवत चालवायची. माप चुकले तर फळ्या जुळत नाहीत. चूक सांगायला शिक्षक लागत नाही. वस्तूच ती सांगते. आपल्या कामाची अशी पारख आपणच करणे हे त्यांना हस्तकौशल्याहून मोलाचे वाटे. प्रयोगशाळेत आपण दुसरे काय शिकवतो?

या प्रयोगाची दुसरी बाजूही पाहायला हवी. निबंधाचा विषयच फक्त मुलग्यांबद्दल होता. शिवाय राज्याला शिस्तबद्ध नागरिक हवेत, ही चिंता त्यामागे होती. चौदाव्या वर्षी धंदा ठरला की मुलाची वाट तिथेच बंद होते, हा आक्षेप जर्मनीत पुढेही वारंवार घेतला गेला. तरीही कामाची जागा आणि शाळा यांनी मिळून शिकवावे, ही कल्पना टिकली. १९३८ च्या कायद्याने तिथे व्यवसायशाळा सक्तीची झाली. १९६९ च्या कायद्याने उमेदवारीच्या प्रशिक्षणाला देशभर एकच चौकट मिळाली.

भारतात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. कामाबरोबर संबंधित विषयांचे शिक्षण द्यावे, ही तरतूद त्यातही आहे. पण उमेदवारी सुरू होते ती शाळा संपल्यावर. शाळेत असतानाच हा पूल बांधायचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून पुढे शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस जोडकाम, बांधकाम, वीज आणि शेती अशी खरीखुरी कामे करतात. शिकायचे ते गावाला उपयोगी पडेल असे काम करून, ही त्यातली मुख्य अट.

दहावीनंतर आपला विद्यार्थी महाविद्यालयात जाईल, आयटीआयमध्ये जाईल किंवा थेट गॅरेजमध्ये. मार्गदर्शनाचे एखादे व्याख्यान त्याला यातली वाट निवडायला पुरणार नाही. तरफ शिकवताना त्याच्या हाती पाना आणि घट्ट बसलेला बोल्ट दिला, तर आपल्याला काय जमते आणि काय आवडते हे त्याला स्वतःच कळू लागेल. त्यासाठी दहावीची वाट पाहायचे कारण नाही.